न जुळलेला ताळा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हणाले आणि आता शब्द मोडते आहे. एआयवर मी ऑफिसात रोज ऐकते. आज मी कबड्डीवर बोलणार आहे. तेही एकाच सामन्यावर, आणि त्या सामन्याच्या शेवटच्या चढाईवर. तुम्ही हसलात, म्हणजे कोणती चढाई ते मला सांगायची गरज नाही.

आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पक्ष आहेत. एक पुणेरी पलटणचा, दुसरा यू मुंबाचा. २०१५ साली अनुपकुमारच्या मुंबानं प्रो कबड्डी जिंकली, ते मुंबावाले नऊ वर्षं ऐकवत होते. मग १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवलं आणि पहिल्यांदा करंडक घेतला. त्या रात्री ग्रुपवर झोपलं कोण? आधी अस्लम इनामदारचं कौतुक, मग शादलूच्या पकडींचं, मग एका पकडीवर पंच चुकले का यावरून भांडण. आणि दहाव्या मिनिटाला कुणीतरी लिहिलंच, "पंचांचं सोडा, ९४ साली आपण जिंकलो तेव्हा तरी पंच बरोबर होते का?" की पुढचे शंभर निरोप त्यावर.

ज्या जोडीदारांना आपण आज आग्रहानं इथे आणलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

१९९४, आम्ही नववीत. शालेय स्पर्धा, मुलींची कबड्डी. तालुका जिंकून आपल्या मुली जिल्हा पातळीवर गेल्या होत्या. सामने आपल्याच मैदानावर होते. चार वर्षांपूर्वी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली होती आणि भारतानं सुवर्ण आणलं होतं. ते पुरुषांचं. बायकांच्या कबड्डीला आशियाई स्पर्धेत जागा मिळाली थेट २०१० ला, ग्वांगझूला. पण आपल्या मुलींना कुठे माहीत होतं की वाट पाहायचीय! त्या खेळत होत्या.

समोर इंदापूर तालुक्यातली शाळा. सकाळी फक्कीनं आखलेलं मैदान, भोवती सुतळीची दोरी, दोरीला रेटून उभी असलेली अर्धी बारामती. शेवटचं मिनिट, फळ्यावर २६-२६. इंदापूरची मुलगी चढाईला आली. तिनं आपल्या उजव्या कोपऱ्याला हात मारला, वळली, आणि तिघींनी तिला धरली. ती सरपटत मध्यरेषेपर्यंत आली. हात लांब केला. शिट्टी वाजली. पंच सरांनी तिला बाद दिलं. २७-२६. आपण जिंकलो.

तेव्हापासून आपल्याकडे तीन मतं आहेत. पहिलं, तिचा हात रेषेपर्यंत पोहोचलाच नाही. दुसरं, पोहोचला, पण त्याआधी दम गेला होता, म्हणून पंच बरोबर. तिसरं, हात पोहोचला तेव्हा दम चालू होता, म्हणजे धरणाऱ्या तिघी बाद, म्हणजे सामना इंदापूरचा. हे तिसरं मत आपल्या ग्रुपवर दोघांचंच आहे आणि दोघांचीही सासुरवाडी इंदापूर तालुक्यातली आहे, हे मी मुद्दाम सांगते.

ती मुलगी उठून उभी राहिली आणि प्रत्येकाला आपली बोटं दाखवत होती. बोटांना फक्की लागलेली होती. पण त्या मैदानावर कुणाच्या बोटांना फक्की नव्हती? रेषा तर झटापटीत पुसूनच गेली होती. इंदापूरची माणसं आत घुसली, आपली त्यांच्या आडवी गेली. पंच सर ना आपल्या तालुक्याचे होते, ना त्यांच्या. तिसऱ्याच तालुक्यातून आलेला एक साधा माणूस. त्यांना "बारामतीचं मीठ खाल्लंस" असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. आपल्या पी.टी.च्या बाईंनी त्यांना ऑफिसात नेऊन बसवलं, पाणी दिलं. बाई इथे आहेत. अंधार पडल्यावर ते लूनावरून गेले, तेव्हा फाटकापर्यंत बाईच सोडायला गेल्या होत्या.

आता यातली माझी बाजू.

ती चढाई करणारी मुलगी माझी सख्खी चुलतबहीण. मी मूळची इंदापूर तालुक्यातली, शिकायला बारामतीत मामांकडे. अक्का माझ्याहून एक वर्षानं मोठी, गावच्याच शाळेत दहावीला. हे तेव्हा तुमच्यापैकी दोघी-तिघींनाच ठाऊक होतं. मी सांगत नव्हते, कारण तुम्ही मला "इंदापूरकर" म्हणून चिडवायचात.

आणि दुसरी गोष्ट तर कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी मी नुसती बघायला नव्हते. माणसं कमी पडली म्हणून गणितात बरी असलेल्या दोन मुलींना सहायक गुणलेखक म्हणून बसवलं होतं. बाद झालेले गडी जिथे बसतात तिथे एकेका बाजूला एकेक. काम सोपं. बाद झालेली मुलगी येऊन बसली की तिचा क्रमांक लिहायचा. कारण गडी बाद झाले त्याच क्रमानं पुन्हा आत जातात. तो क्रम सांगायचा तो आम्ही. मुख्य गुण मांडणारे मोठे, टेबलावर. आम्ही मातीत, मांडीवर पॅड घेऊन. माझ्याकडे आपल्या शाळेच्या मुलींची बाजू होती.

दुसऱ्या डावाच्या मध्यावर अक्का चढाईला आली. आपली साखळी मागे सरकली आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलीचा पाय मागच्या रेषेबाहेर गेला. माझ्यापासून दोन हातांवर. त्याच चढाईत अक्कानं दुसरीला हात लावला आणि परत गेली. पंचांनी दोघींना बाद दिलं. दोघी येऊन माझ्या पुढ्यात बसल्या. मी दोन क्रमांक लिहिले. नेमकी त्याच वेळी दोरी तुटली, पोरं आत आली, सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. त्या गोंधळात टेबलावर दोनऐवजी एकच गुण मांडला गेला. फळ्यावरही एकच चढला. मी मान खाली घालून लिहीत होते, माझ्याही ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते सामना संपल्यावर. तिकडे मध्यरेषेवर माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती आणि मी सवयीनं कागदावर बेरीज केली. आपले बाद गडी २५. एक लोण आपल्यावर चढला होता, त्याचे २. एकूण २७. म्हणजे इंदापूरचे गुण २७ हवेत. फळ्यावर २६. मी पुन्हा मोजलं. पुन्हा २७.

आपल्याला चौथीत शिकवलं होतं, उत्तर आलं की ताळा करून पाहायचा. मी ताळा केला होता आणि तो जुळत नव्हता.

माझ्यापासून टेबल वीस पावलांवर होतं. उठून जायचं आणि म्हणायचं, "सर, हे बघा." एवढंच. मी उठले नाही. का उठले नाही याची बरीच उत्तरं मी इतक्या वर्षांत स्वतःला दिली. लहान होते. मोठ्यांचं भांडण होतं. कुणी विचारलं नव्हतं. पण खरं उत्तर असं, की तुम्ही सगळे उड्या मारत होता आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मला "इंदापूरकर" न म्हणता कुणीतरी खांद्यावर घेतलं होतं. मी कागदाची घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली.

दिवाळीला गावी गेले. ओसरीवर तोच सामना चालू. अण्णा, म्हणजे माझे मोठे चुलते, अक्काला मधोमध बसवून पुन्हापुन्हा विचारायचे, "दम गेला होता का?" ती म्हणायची, "नाही." मग पंचांना शिव्या. मग बारामतीला. मग मला, थट्टेनं, "घरभेदी" म्हणून. मी लाडू खात बसले होते. बोलले नाही. मार्चमध्ये अक्काची दहावी झाली, पुढच्या वर्षी लग्न ठरलं. तो सामना ती जिंकली असती तर लग्न पुढे गेलं असतं, असं मी म्हणत नाही. गेलं नसतं. पण शाळेसाठी तिनं केलेली ती शेवटची चढाई होती आणि तिचा निकाल चुकीच्या फळ्यावर लागला.

मी पुढे इंजिनिअर झाले. माझं काम काय, हे आईला असं सांगते: दोन वह्या रात्री एकमेकींशी जुळवून पाहायच्या. एका बँकेनं लिहिलं, हजार रुपये दिले. दुसरीनं लिहिलं का, हजार मिळाले? जुळलं नाही तर सकाळ होण्याआधी कुठे फाटलं ते शोधायचं. हाताखालच्या मुलामुलींना मी सांगते, फरक एका रुपयाचा असला तरी "किरकोळ आहे" म्हणायचं नाही. दर वेळी हे सांगताना मला पॅडवरचा तो कागद दिसतो.

तुम्हाला ७ ऑक्टोबर २०२३ आठवत असेल. हांगझोऊची आशियाई स्पर्धा, भारत आणि इराण अंतिम सामना. २८-२८, शेवटची मिनिटं. पवन सेहरावत करो या मरो चढाईला गेला आणि कुणालाही हात न लावता राखीव क्षेत्रात गेला. त्याच्या पाठोपाठ पकडायला इराणचे गडीही आत गेले. आता बाद कोण? जुन्या नियमानं पाठोपाठ गेलेलेही बाद, नव्या नियमानं चढाई तिथेच संपली आणि एकटा पवन बाद. निर्णय एकदा असा, एकदा तसा. दोन्ही संघ निषेध म्हणून मॅटवर बसले. तासभर खेळ बंद. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. त्याच दिवशी आपल्या बायकांनी चायनीज तैपेईला २६-२५ नं हरवून सुवर्ण घेतलं. एका गुणानं! पण आपल्या ग्रुपवर त्यांच्या वाट्याला चार अंगठे आले आणि पवनच्या चढाईवर पहाटेपर्यंत वाद.

मी तो वाद वाचत होते. सगळ्यांनी तीच चढाई पुढेमागे करून पाहिली होती. गंमत बघा, हांगझोऊला एवढे कॅमेरे होते, चित्र सगळ्यांसमोर होतं, तरी तासभर निकाल लागेना. कारण भांडण चित्राचं नव्हतंच, नियम कुठला धरायचा याचं होतं. आणि आपल्या ९४ च्या सामन्यात नियम स्पष्ट होता, पंचांनी दोघींना बाद दिलंही होतं, पण कागदावर उतरताना एक गुण सांडला. दोन्हीकडे लोक शिट्टी वाजवणाऱ्याकडे बघत राहिले.

वाद घालणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. वाद नसता तर आपला ग्रुप केव्हाच "सुप्रभात"च्या फुलांखाली गाडला गेला असता. कोण चांगला चढाईपटू, कुणाची पकड सरस, कुठे पंच झोपले, यावर भांडता भांडताच आपण इतकी वर्षं एकमेकांच्या संपर्कात राहिलो. मला एवढंच म्हणायचंय, की आपल्या या वादात एक माणूस कायम उभा आहे, ज्याला बोलायला जागाच नाही. ते पंच सर. इंदापुरात त्यांना विकला गेलेला म्हणतात आणि आपण हसत हसत "आपले पंच" म्हणतो. दोन्हीचा अर्थ एकच. दम आधी गेला की हात आधी पोहोचला, हे त्यांनी एका क्षणात, जमिनीवर वाकून, कानानं ऐकून ठरवलं. ते बरोबर होते का, मला माहीत नाही. पण सामना तिथे फिरला नव्हता. तो दहा मिनिटं आधी फिरला होता, आणि ज्या चढाईत फिरला त्या चढाईत पंच सर शंभर टक्के बरोबर होते.

आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा सुचली. फळ्यावर खरे गुण असते, तर शेवटच्या चढाईला इंदापूर २७-२६ नं पुढे होतं. मग अक्कानं हात मारायची जोखीम घेतलीच नसती. निदानरेषा ओलांडून, दम घुमवत, वेळ काढून ती परत गेली असती. ज्या चढाईवर आपण एवढी वर्षं भांडतोय, ती तशी झालीच नसती. आणि आपल्या मुलींनीही वेगळा खेळ केला असता. त्यांनाही आपण मागे आहोत हे कळलं असतं. कदाचित तरीही जिंकल्या असत्या.

म्हणून आपल्या संघातल्या सात जणींना, ज्यांच्यापैकी पाच इथे बसल्यात, मी आज सांगते: तुम्ही लबाडीनं जिंकला नाहीत. तुम्ही समोर दिसणाऱ्या फळ्याप्रमाणे जीव तोडून खेळलात. लपवलं ते मी. माझ्यावर रागवा. पण या अंकात तुमच्या फोटोखाली "२७-२६" छापायचं ठरलंय, तिथे माझी एक ओळ छापावी, अशी मी संपादकांना विनंती केली आहे. पंच सरांच्या नावानं पत्रही लिहिलंय. बाई, ते त्यांच्या घरी कसं पोहोचवायचं ते तुम्हीच सांगा.

गेल्या महिन्यात मी अक्काकडे गेले होते. तिचं सासर निमगाव केतकीच्या अलीकडे. भवानीनगर, लासुर्णे करत जाताना मी चार वेळा मनात पाठ करून पाहिलं. ती गोठ्यातून आली, हात धुतले, चहा ठेवला. मी घडी उलगडून कागद पुढे केला. तिनं चष्मा लावला. क्रमांक वाचले. बेरीज केली, बोटांवर.

"सत्तावीस?"

"हो अक्का. सत्तावीस-सत्तावीस."

"म्हणजे आम्ही हरलो नव्हतो."

"नाही."

बराच वेळ ती काही बोलली नाही. चहा उतू गेला तेव्हा उठली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. गॅस बंद करून ती वळली आणि म्हणाली, "तेव्हाच का नाही बोललीस गं?" मी म्हणाले, "भ्याले." ती म्हणाली, "माझ्याशी तरी बोलायचं होतंस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. मी म्हणाले, "शाळेच्या मेळाव्यात हे सगळं सांगणार आहे." तिनं उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली, अगदी त्या दिवशी धरली होती तशी.

"सांग. तुझी बेरीज सांग. पण त्याबरोबर हेही सांग, की माझा दम गेला नव्हता."

मी सांगितलं.

आता जेवणानंतर तुम्ही यावर भांडालच. भांडा. मी फक्त कागद आणलाय. ज्याला हवं त्यानं बेरीज करून पाहावी.